कमाल मर्यादेवर अडकलेल्या इंजिनिअरची निरवानिरव

मी, हरिदास तुळशीराम नंदेश्वर, वय ५८, धंदा नोकरी, राहणार समता कॉलोनी, रायपूर, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणणारे सगळे कारखान्यात आहेत आणि मी आज रजेवर आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. वाटून द्यावे इतके काही साठलेच नव्हते.

१. राहते घर माझी पत्नी सरला हिला. तिच्या पश्चात आमची एकुलती मुलगी यामिनी हिला. वरची खोली बांधायची राहिली, कारण पगार वाढला की बांधू, असे दर वर्षी ठरत होते. खांबांच्या सळया गच्चीवर तशाच उभ्या आहेत. सरला त्यांना दोरी बांधून कपडे वाळत घालते.

२. भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी आणि बँकेतली ठेव सरलाला. आकडा पाहून तिने चिडू नये. एकतीस वर्षे मी पोलाद लाटणाऱ्या रोलिंग मिलची मशीन सांभाळली. त्यातली शेवटची अकरा वर्षे माझा पगार ग्रेडच्या कमाल मर्यादेवर जाऊन बसला आहे. वर जायचे तर मशीन सोडा आणि खरेदी-विक्रीच्या केबिनमध्ये बसा, असे मला दोनदा सांगण्यात आले. मी दोनदा नाही म्हटले. तेव्हा मला त्याचा अभिमान होता. आता राग येतो, कधी त्यांचा, बहुतेक वेळा माझाच.

३. पंचवीस वर्षांच्या सेवेबद्दल कारखान्याने दिलेले भिंतीवरचे घड्याळ संग्राम ठवरे यास. हा माझ्या हाताखाली शिकाऊ म्हणून आला, तिसऱ्या वर्षी विक्री विभागात गेला आणि आज माझ्या दुपटीहून जास्त पगार घेतो. त्याच्याबद्दल मनात काही नाही असे लिहिणार होतो, पण मृत्युपत्रात खोटे लिहू नये. अजून तो गाडीतून फोन करतो, "सर, पार्टी विचारून राहिली, गिअरबॉक्स काहून गरम होते?" मी सांगतो आणि ऑर्डर त्याला मिळते. घड्याळ बंद आहे. दुरुस्ती पाच मिनिटांची होती. ती मी मुद्दाम केली नाही.

४. अंत्यविधी बौद्ध पद्धतीने, साधा. कारखान्याकडून हार आला तर घ्यावा. भाषण करू देऊ नये.

५. हे कलम यामिनीसाठी.

ती शाळेत असल्यापासून दर रविवारी माझ्याबरोबर राइस मिलच्या दुरुस्तीला यायची. लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक बेअरिंगवर टेकवायचे, मूठ कानाला लावायची आणि आत काय बिघडले आहे ते ऐकायचे, हे मी तिला शिकवले. बारा वर्षांची असताना तिने एकदा माझ्या आधी बिघाड ओळखला होता. पुढे ती मेकॅनिकल इंजिनिअर झाली आणि २०१९ साली तिने माझ्याच कारखान्यात अर्ज केला. नेमणुका करणाऱ्या साहेबांनी मला बोलावून विचारले, "नंदेश्वरजी, बिटिया परीक्षा में पहली आई है. ले लें?"

मी म्हटले, "मत लीजिए."

माझ्या खिशात त्याच दिवशीची पगाराची पावती होती. ही पोरगी माझ्याच खुर्चीत येईल, माझ्यासारखीच मशीन सोडणार नाही आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी तिथेच अडकेल, एवढेच मला दिसले. आठवड्याने नकार आला. ती पायरीवर बसून म्हणाली, "बाबा, मले काहून नाही घेतलं? पेपर तो अच्छा गया था."

मी म्हटले, "त्यांले मिलमध्ये पोट्टी नको होती."

यामिनी, हे खोटे होते. नको मी म्हटले होते. आता तू शंकर नगरच्या बँकेत कर्जाच्या फायली पाहतेस आणि माझ्यापेक्षा जास्त कमावतेस, म्हणजे पगारापुरता माझा अंदाज बरोबर निघाला. पण त्या दिवसानंतर तू एकाही राइस मिलमध्ये आली नाहीस. घरात मिक्सर लावला की मात्र अजून मान कलती करून ऐकतेस.

स्क्रू ड्रायव्हर आणि चौदा राइस मिलच्या नोंदींची वही तुला. महिन्याच्या चार रविवारांचे या गिरण्या मला देतात ते माझ्या पगाराच्या निम्म्याहून अधिक आहे, आणि तिथे माझी ग्रेड कोणी विचारत नाही. नोकरी म्हणजेच कमाई, असे धरून बसल्यामुळे हे मला फार उशिरा उमगले. घ्यायचे की नाही ते तू ठरव. या वेळी तुझ्या वतीने मी उत्तर देणार नाही.

६. या मृत्युपत्राचे पाकीट माझ्या मृत्यूनंतरच उघडावे. (खोडले)

दुरुस्ती : कलम ६ मी स्वतः खोडले आहे. साक्षीसाठी आलेला आमचा जुना फिटर भास्कर याला सगळे वाचून दाखवले. त्याने सहीचे पेन खाली ठेवले. मग म्हणाला, "सायेब, बेअरिंग आवाज करून राहिलं, तं मशीन बंद पडाची वाट पाहिली काय तुमी कधी?"

पाहिली नाही. यामिनीला रविवारी सकाळी घरी बोलावले आहे. कलम ५ तिला मी स्वतः वाचून दाखवीन.

लिहून ठेवणार : हरिदास तुळशीराम नंदेश्वर (सही)

साक्षीदार :
१. भास्कर सोनटक्के, निवृत्त फिटर, ब्राह्मणपारा (सही)
२. डॉ. अपर्णा देशकर, समता कॉलोनी (सही). लिहून ठेवणार पूर्ण शुद्धीवर आहेत. रक्तदाब वाढलेला आहे.

रायपूर, शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५