पडद्याबाहेरचे हात

२ जानेवारी १९५७, आदिलाबाद

हात, हात, नुसते हात! प्रयागला माघस्नानाला जाणाऱ्यांना पटकीची सुई टोचून दाखला द्यायचा, म्हणून दवाखान्यात सकाळपासून रांग. बायकांच्या बाजूला कंपाउंडर अमृतरावांनी लुगड्याचा पडदा बांधला. म्हणे, "बाया डॉक्टरासमोर बसत नाहीत साहेब. पडद्यातून हात येऊ द्या, काम पटपट होते." मी मान डोलावली. ते नाव पुकारायचे, फटीतून एक हात यायचा, मी टोचायचो. विचारपूस शून्य. तीच सुई, तोच मळका बोळा. तंबाखूच्या पिंकांचा वास अजून नाकातून जात नाही.

वरून तरी कोण विचारतं? नोव्हेंबरात हैदराबाद राज्य फुटलं, किनवट मुंबई राज्यात गेलं, आम्ही आंध्रात. जुने साहेब गेले, नवे आले. 'कसं टोचलं' हे दोघांनीही विचारलं नाही. 'किती टोचले' तेवढं कळवा.

आईही प्रयागला निघालीय, तिचंही आजच उरकलं. माझ्यासमोर बसायला तयार नाही — "पोराच्या हातची सुई नको रे बाबा. मी आपली बायांत बसीन." रेणुका तिला रांगेत घेऊन गेली. सासू-सून दाखला घेऊन घरी गेल्या, माझ्या जिवाचा घोर मिटला. बाबा असेच यात्रेहून येताना पटकीनं वाटेत गेले. आईला एकटं पाठवायला मन होत नव्हतं.

३ जानेवारी

शिसारी आली. बाजारहत्नूरची शकुबाई पडद्यामागे कोसळली. जाऊन बघतो तर दोन्ही दंड सुजलेले. काल सासूच्या नावावर टोचून घेतलं, आज आत्यासासूच्या. स्वतः ती जाणारच नाही! सासू गयाबाई शेजारी धडधाकट, पान चघळत बसलेली. मला म्हणते, "माहे उपास सूनच धरते साहेब. देवाले चालते, तं तुमाले काऊन चालत नाही?"

पटकी काय सुनेला विचारून येते? ओरडलो. तिनं दुसरं पान लावायला घेतलं.

पडदा ओढून काढला. उद्यापासून प्रत्येकीला समोर बसवायचं. ताप आहे का, दिवस गेलेत का, विचारायचं. पाणी उकळून प्या म्हणून सांगायचं. दर माणसामागे सुई उकळायची. अमृतराव कुरकुरले, "अशानं रात होईन." होऊ दे.

रेणुकानं आज भाकरी टाकल्या नाहीत. अंग कणकणतंय म्हणे. थंडीच तशी आहे.

४ जानेवारी

सकाळी आईला गाडीत बसवून दिलं. पाणी उकळून पी म्हटलं, तर नुसती हसली.

मग दवाखाना. पडदा नाही, म्हणून निम्म्या बाया तोंड फिरवून निघून गेल्या. उरलेल्यांत एक तापानं फणफणलेली निघाली. परवा असती तर बिनदिक्कत टोचली असती! तरी जास्त चीड त्या सासवांची येते, सुनेच्या आड लपणाऱ्या. आपली आई तशी नाही, एवढं बरं.

५ जानेवारी

रेणुकाला घागर उचलवेना. पदर सरकला — दंड सुजून लाल.

"आईंची एकादशी मीच धरते ना," म्हणाली.

आई कालच प्रयागला गेली. माझ्या विधवा आईचं नाव पुकारलं, बांगड्या भरलेला हात आला, आणि मी तो टोचला.