तिन्ही प्रती माझ्याच

डोणगाव

तीर्थरूप अन्नपूर्णाबाईस,

गुलाबचा सविनय जयभीम. उंद्रीकडे सगळे खुशाल असतील, भाऊजींचा गुडघा आता पायऱ्या चढू देत असेल आणि तुझा खोकला उतरला असेल, असे धरून चालतो. फोन सोडून पत्र का, असे विचारशील. फोनवर सांगू लागलो की तू मधेच हसतेस, आणि या खेपेला मला ते सोसणार नाही. आमची प्रकृती उत्तम आहे. अब्रू तेवढी अंथरुणाला खिळली आहे.

तुझी भावजय समता लग्नाकार्याच्या जेवणांची कामे घेते, हे तुला ठाऊकच आहे. तिने फोनमध्ये एक एआय एजंट ठेवला होता. (एजंट म्हटले की तुला विमा आठवेल. हा हप्ता मागत नाही, सांगितलेले लक्षात ठेवतो आणि विचारले की नीट मांडून देतो.) कणीक मळता मळता ती त्याच्याशी बोलायची. शंकररावांच्या घरी बट्टी मऊ हवी कारण म्हाताऱ्याला दात नाहीत, मोतीरामच्या होणाऱ्या विहिणीला शेंगदाण्याने घसा सुजतो, कोणत्या आचाऱ्याच्या हातून मीठ जास्त पडते, असे सगळे. दोन वर्षे हे चालले होते आणि मी पेपरच्या आडून हसायचो. मग रक्तदाबाचे निमित्त करून मीही एक एजंट ठेवला. (तेव्हा ती हसली नव्हती, हे आत्ता लिहिताना लक्षात आले.)

तिच्या फोनवर उकळते वरण सांडले आणि नवा फोन घ्यावा लागला. ती म्हणाली, "अहो, मोबाइलच्या दुकानात देऊन या ना, ते करून देतात." मी म्हणालो, "मले काय समजत नाही का?" जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस मी. एक व्हिडिओ बघितला. त्यात सांगितले होते, एजंटाची आठवण आधी बाहेर काढा, तिची प्रत ठेवा, मग जुनी मिटवा आणि प्रत नव्या फोनात भरा. आमच्या दोघांच्या फोनना एकसारखी काळी कव्हरे (एकावर एक फुकट मिळाली होती). टेबलावर माझा आणि तिचा कसाबसा चालणारा जुना फोन ठेवून मी बसलो आणि प्रत काढली ती माझ्या फोनातून. मिटवली मात्र तिच्यातली. फाइल उघडून पाहिली होती, पण आत नुसते कंस आणि अवतरणचिन्हे दिसली, मला ते विद्वत्तेचे वाटले आणि मी आदराने ती बंद केली. पेनड्राइव्हवर एक, ईमेलवर एक, लॅपटॉपवर एक, आणि त्यातलीच तिच्या नव्या फोनात भरली. समताने विचारले, "तपासली ना?" मी म्हणालो, "तीन ठिकाणी ठेवली आहे."

दुसऱ्या दिवशी मोतीरामच्या मुलीच्या साक्षगंधाचे सामान काढायचे होते. चारशे पाने. समताचे हात पिठात, म्हणून फोन मोठ्या आवाजावर, शेजारी कांदे चिरत मदतीची तानाबाई. समताने किराणा विचारला. एजंट मायेने म्हणाला, "गुलाबराव, मीठ अर्धे करा आणि साखर वर्ज्य. कालची बुंदी समताला कळली नाही ना?"

तानाबाईने सुरी खाली ठेवली. "काऊन हो सर, बुंदी तं मांजरीनं खाल्ली म्हनत होते ना तुम्ही?"

बाई, मांजरीचे मला काही वाटले नाही. समताच्या चेहऱ्याचे वाटले. ती रागावली असती तर मी वाद घातला असता. हात धुऊन ती तानाबाईला एकेक जिन्नस सांगू लागली. डाळ, रवाळ कणीक, वांगी, तेल, आणि विहिणीसाठी वेगळी भाजी. एक वस्तू चुकली नाही. साक्षगंध पार पडले, विहीणबाईंनी दोनदा वाढून घेतले. मला इतके हायसे वाटले की परतताना टेम्पोतच बोलून गेलो, "तुले तं सगळं तोंडपाठ आहे! मंग गेलं काय आपलं?"

ती बाहेर बघत म्हणाली, "सगळं याद आहे हो मले. त्याले सांगून टाकलं की जरा विसरता येत होतं."

त्यानंतर डोणगाव येईपर्यंत मी टेम्पोतल्या पातेल्यांकडे बघत होतो. संसारात माझ्यावर किराणा आठवायची वेळ कधी आली नाही, म्हणून माझे डोके हलके होते, आणि मी ते हुशारीमुळे हलके आहे असे समजत होतो.

मग एजंटाची गेलेली आठवण भरून काढायला मी ज्यांच्या घरी तिने जेवणे केली त्यांच्याकडे जाऊन विचारू लागलो, तुम्हाला काय वाढले होते, काय आवडले. चहा सगळीकडे मिळाला. शंकररावांनी तासभर वांग्याच्या भाजीचे कौतुक केले आणि शेवटी कळले की ते दुसऱ्याच्या लग्नातले बोलत होते. तेव्हा निमूट घरी आलो. आता रोज संध्याकाळी समताजवळ लसूण सोलत बसतो, ती सांगते, मी विचारून विचारून एजंटाला शिकवतो. मध्ये मध्ये ती म्हणते, "असं नाही, नीट ऐका." मी ऐकतो. मान वर करून बोलायची सोय राहिलेली नाही.

भाऊजींना जयभीम. पोरांना आशीर्वाद.

तुझा धाकटा भाऊ,
गुलाबराव

ता. क. पत्राचे खरे कारण राहिलेच. माझ्या एजंटाच्या आठवणीत असेही होते की पुरणपोळी खावी तर अन्नपूर्णाबाईच्या हातची, समताची जाड होते. हे मी त्याला दिवाळीत एकांतात बोललो होतो. समताने ते तिच्या फोनात त्याच्याच तोंडून ऐकले आहे आणि त्याविषयी अवाक्षर काढत नाही, हे जास्त भयंकर आहे. तिचा फोन आला तर कृपा करून सांग की गुलाबला लहानपणापासून पुरण आवडतच नाही.

ता. क. दुसरा. बाई, जयभीम. यांनी पाकीट चिकटवायला माझ्याच हाती दिलं. पुरणाचं काही खोटं बोलू नका, माझी पोळी जाडच होते. दुसरं असं, की मिटवलेली आठवण महिनाभर तशीच राहते म्हणे. साक्षगंधाच्या दुसऱ्याच दिवशी मी मोबाइलच्या दुकानात गेली होती, चहा संपेपर्यंत सगळं वापस आलं. यांना सांगू नका. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच हे माझ्याजवळ बसून मी काय करते ते विचारून राहिले. – समता