फोनवरून आलेली गौर

लाडक्या रुचिताला टोकावड्याहून तिच्या बापाचे, बाळारामाचे, डोक्यावर हात ठेवून अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक, तिकडचंही ठीक असावं. सर्दी गेली का? आयर्लंडात रोज पाऊस पडतो म्हणतेस, मग छत्री न्यायला काय होतं? (माळशेजच्या पायथ्याची पोरगी पावसाचा अभ्यास करायला समुद्रापार जाते, हे मला अजून नीट कळलेलं नाही. इथे काय पाऊस कमी पडत होता? पण ते असो.)

पत्र कशाला, फोन का नाही, असं विचारशील. फोनवर मी "बरा आहे" म्हटलं की तू माझा आवाज पकडतेस. कागदाला आवाज नसतो. नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्या साईनाथकडून याचे फोटो काढून तुला पाठवणार आहे. (साईनाथ, फोटो काढ, वाचू नकोस. वाचलंसच तर निदान चिमाबाईला सांगू नकोस.)

तर मुद्दा असा, की परवा तू म्हणालीस, शिक्षण संपलं, तिथेच नोकरी मिळतेय, पण ती सोडून परत येते, कारण बाबा बारीक झालेत. मी बारीक झालोय हे तुला दिसलं गौरीच्या दिवशी. त्याआधी काय काय झालं त्यातलं तुला काहीच दिसलं नाही, म्हणून पहिलं ते सांगतो, मग उत्तर देतो. मध्येच शेवटचं पान उघडू नकोस.

तुझी आई गेल्यापासून आपल्या घरात गौर तूच आणायचीस. तू गेलीस त्या वर्षी साईनाथच्या बहिणीने, रेश्माने, आणली. तिचं वैशाखात लग्न झालं, आता ती मुरबाडला सासरी. यंदा कुणाची तरी पोरगी मागायला निघालो, तर शेजारच्या चिमाबाईने ओट्यावरच अडवलं. लेक जिती असताना उसनी लेक कशाला मागतोस रे, फोन लाव तिला, म्हणाली. भातसानगरला धरणावर असताना मी साहेबांशी हुज्जत घातली, बदली ओढवून घेतली, पण या बाईपुढे माझी बोबडी वळते. तिने तिथल्या तिथे कायदा केला. सूप बापाने धरायचं, पण गौर लेक आणतेय असंच समजायचं. सुपात गौर म्हणून तेरड्याची जुडी, जुडीशेजारी फोन आणि फोनमध्ये तू. ओढ्यापासून उंबऱ्यापर्यंत बोलायचं नाही, मागे वळून बघायचं नाही, हे तुला ठाऊकच आहे. सूप धरणाऱ्यानेही तोंड मिटायचं, हे मात्र तिने मला ओढ्यावर पोचल्यावर सांगितलं. (मी गप्प! तुझी आई असती तर पेढे वाटले असते तिने.) त्यात पाऊस आला, म्हणून तिने फोनवर अळूचं पान घातलं. तुला सगळी वाट हिरवा अंधार दिसला तो त्यामुळे. फोन बिघडला नव्हता.

रस्त्यावर आलो तर मुंबईची एक गाडी थांबली. धबधबा किधर है? मी काय सांगणार? हनुवटीने दाखवलं, पण सूप सांभाळताना मान उलटीकडे वळली आणि ती माणसं आली त्याच वाटेने मुरबाडकडे परत गेली. मागे बायका थाळी वाजवतायत, पुढे मी मुका. मग रस्त्याखालच्या मोरीपाशी साईनाथ आपला फोन बघून म्हणाला, काका, रेंज गेली. झालं! चिमाबाईने सगळ्यांना जागच्या जागी उभं केलं. गौर थांबली म्हणे, तिला टाकून कोणी पुढे जायचं नाय. साईनाथ म्हणाला, मी नुसता फोन घेऊन वर चढतो. तर चिमाबाई म्हणे, गौर सुपातून काढायची नाय. शेवटी मलाच सुपासकट मोरीच्या कठड्यावर चढवला. डोक्यावर सूप धरून पावसात उभा राहिलेला तुझा बाप कल्याणच्या एसटीतल्या सगळ्यांनी बघितला. ड्रायव्हरने हात जोडले. कोणाला, ते देव जाणे.

तेवढ्यात रेंज आली. पानाखालून आवाज यायला लागला. कोणीतरी पोरगी तुला इंग्रजीत सारखं काही विचारत होती, काय झालं, काय झालं असंच असणार, आणि तू उत्तर देत नव्हतीस. भर कॉलेजात, परक्या माणसांत, तू आपला नियम पाळत गप्प बसली होतीस. बाय, मला त्या कठड्यावर रडू फुटलं. दोन्ही हात सुपाला, डोळे पुसणार कसे?

दारात चिमाबाईने पान काढलं, फोन माझ्यासमोर धरला आणि रीतीप्रमाणे विचारलं, गौर कशाच्या पावलांनी आली? तू म्हणायचं होतं, सोन्याच्या. तू माझ्याकडे बघत राहिलीस आणि म्हणालीस,

"बाबा, तुमी किती बारीक झालात."

मग चिमाबाईच "सोन्याच्या, सोन्याच्या" म्हणाली आणि आम्ही आत आलो.

आता उत्तर. नोकरी घे. मी दोन दाढा काढल्यात, म्हणून गाल बसलेत, बाकी तब्येत ठणठणीत. धरणावर मी रोज पाण्याची पातळी लिहायचो. पाणी आपल्या डोंगरातलं, प्यायची मुंबई, त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. गौरीचं विसर्जनही तिसऱ्या दिवशी व्यवस्थित पार पडलं. तेव्हा मागे काही राहिलेलं नाही. तू रहा तिकडेच, सुखाने रहा.

तुझा बाप,
बाळाराम

ता. क. दाढा काढलेल्या नाहीत. एकट्यापुरतं शिजवायचा कंटाळा येतो, एवढंच. आता चिमाबाई डबा पाठवते, त्यात शिव्याही असतात, पण पोट भरतं.

आणखी ता. क. विसर्जन झालेलं नाही. गौर अजून घरातच आहे, तुझ्या आईच्या हिरव्या लुगड्यात. तेरडा पार वाळलाय. तिसऱ्या दिवशी सूप उचललं, उंबऱ्यापर्यंत गेलो आणि परत ठेवलं. चिमाबाई रोज येऊन ओरडते, आलेली लेक अशी कोंडून ठेवतात का रे? बरोबर आहे तिचं. पण माझ्याने होत नाय, बाय. मी तुला वर "रहा" असं लिहून दिलंय, ते काही खोटं नाय. आता तू मला फोन करून एकदा म्हण, "बाबा, न्या तिला." म्हणजे मी उचलतो.