गेरूचा ठिपका

सेनगावजवळच्या रानातून,
१२ जानेवारी २०२५

चि. सुकन्या हिस आईचे पोटभर आशीर्वाद.

फोन आहे, पण तूर निघालेल्या या रानात चार्जिंग कुठलं? म्हणून बाजाराला निघालेल्या लालसिंगच्या जीपबरोबर चिठ्ठी धाडते. कळमनुरीच्या दवाखान्यात नर्सबाई झालीस, तरी आईचं वाकडं अक्षर लागेल ना?

सकाळी धुकं इतकं असतं की मेंढरं दिसत न्हाईत, नुसता घंटांचा आवाज फिरतो. आपण जागे झालो की अजून स्वप्नातच आहोत, ते उन्हं आल्यावर कळतं.

गेल्या महिन्यात आरोग्य शिबिरात आम्ही दोघा नवरा-बायकोनं रक्त तपासून घेतलं. माझं कोलेस्टेरॉल दोनशे बत्तीस, आबांचं दोनशे आठ. तरी रोजची गोळी त्यांना! मला नुसतं तेल-मीठ कमी करा, सहा महिन्यांनी या. आबा म्हणाले, डॉक्टरनं कागद अदलाबदल केले. आकडा जिचा मोठा, तकलीफ तिची. तेव्हापासून रोज सकाळी स्वतःची गोळी मलाच देतात.

खरं सांगू? मी मुकाट घेते. या माणसानं तीस वर्षं कोकरांना ओंजळीनं पाणी पाजलं, मला आत्ता पाजून राहिला. धुक्यात त्यांचा हात तेवढा दिसतो. हसू नकोस.

आठवण असू दे.
तुझी आई, सुभद्रा

कळमनुरी,
१५ जानेवारी २०२५

ती. आईस सुकन्याचा शि. सा. न. वि. वि.

आधी हसले, मग चिठ्ठी पुन्हा वाचली. ती गोळी आजपासून तू घ्यायची न्हाई. कागद बदललेले नाहीत, मी डॉक्टरांना विचारलं.

त्यांच्याकडे रंगीत चौकटींचा तक्ता असतो. वय, बाई की पुरुष, बिडी, साखर, दाब, कोलेस्टेरॉल, सगळं एकत्र धरून येत्या दहा वर्षांत हृदयाचा झटका किंवा लकवा येण्याचा धोका किती, ते त्यात बघतात. एकट्या आकड्यावर गोळी ठरत नाही. तू पन्नाशीची, बिडी नाही, साखर नाही, दाब बराबर. तुझी चौकट हिरवी. आबा त्रेसष्टचे, रोजची बिडी, थोडी साखर, थोडा दाब. त्यांची लाल.

आबांना विचार, चालत्या-चरत्या मेंढीच्या पाठीला ते गेरू काहून लावतात? जराशी लंगडते, जरासा रवंथ कमी, जरासे कान पडलेले. एकेक बघितलं तर काहीच नाही. सगळं मिळून मात्र ते तिच्यावरची नजर हलू देत नाहीत.

आबांच्या भावाचा, दगडोबाकाकांचाही, एकही आकडा मोठा नव्हता. मेंढरांना पाणी पाजता पाजता बसले, ते पुन्हा उठलेच न्हाईत. आई, आबांना तसं बसलेलं मला बघायचं न्हाई. त्यांची गोळी त्यांना दे.

माया आहेच, ती कमी होऊ देऊ नकोस.
तुझीच, सुकन्या

रानातून,
१९ जानेवारी २०२५

चि. सुकन्या हिस आशीर्वाद.

चिठ्ठी वाचून दाखवली. दगडोबाभावजींचं नाव आलं तसे आबा उठले आणि धुक्यात मेंढरांत शिरले. बराच वेळ नुसत्या घंटा वाजत राहिल्या. मला वाटलं, रागावले.

आले ते बोटं मोजतच. वय, बिडी, साखर, दाब. पाचव्या बोटाशी थांबून म्हणाले, पोरगी बराबर बोलली, असली मेंढी मी कळपात मोकळी सोडली नसती. मग गेरूची वाटी माझ्यापुढे सरकवली आणि पाठ वळवली. मी सदऱ्यावर ठिपका लावला. बोट थोडं जास्तच वेळ टेकलं असेल.

बिडी सुटली म्हणून लिहिणार न्हाई, निम्म्यावर आली. आबा पुसत होते, तुझी गोळी बंद झाली तर तुला आता काय देऊ. मी म्हणाले, पाणी द्या.

म्हणून सकाळी आधी त्यांच्या ओंजळीतलं पाणी मी पिते. मग गोळी माझ्या तळहातावर ठेवते, आणि ते वाकून ओठांनीच उचलतात, मीठ चाटणाऱ्या कोकरागत. धुकं असतं, कुणी बघत न्हाई.

आमच्यावर नजर असू दे.
तुझी आई