दादाचा आरसा

प्रिय धाकटे,

मी सुखरूप आहे. गुडघेही शहाण्यासारखे वागताहेत. तुझा दमा कसा आहे?

काल आपल्या दादाची शोकसभा झाली. त्याचं लष्करातलं शौर्य, व्हायोलिन, पक्ष्यांची चित्रं, सगळ्यावर लोक भरभरून बोलले. त्याच्या खगोल मंडळाच्या अध्यक्षांचा मात्र मला आधीपासूनच संशय होता. गृहस्थ फारच गोड बोलतात. दादाच्या दुर्बिणीचा आरसा टेबलावर मांडून म्हणाले, "हा कर्नलसाहेबांनी आणि मी मिळून काच घासून घासून घडवला. आता तो मंडळाचाच." आणि खिशातल्या रुमालानं खसाखसा पुसला!

अगं, दादा आपल्याला त्या आरशाजवळ श्वाससुद्धा घेऊ द्यायचा नाही. मी उठले आणि शाळेतल्या सिस्टरच्या आवाजात विचारलं, "ज्यानं घासलाय, तो असा पुसेल का हो?" आणि आरसा उचलून सरळ घरी घेऊन आले.

आरसा आता माझ्या खोलीत आहे, दादाच्या स्वेटरात गुंडाळलेला. सकाळपासून अध्यक्ष दोनदा दार वाजवून गेले. "ताई, गैरसमज झाला," म्हणे. मी कडी काढली नाही.

ओरखडे पडलेत का, ते बघायचा मात्र मला धीर होत नाही. तू येतेस का? दोघी मिळून उघडू.

तुझीच,
भांडकुदळ ताई