चार बोटांचं भूत

भेस्तान, मंगळवार, सप्टेंबर १९९६

माझ्या पहिल्या कादंबरीची जाहिरात आज मासिकात आली. 'दिवाळीत येत आहे: सुरतच्या लूम कारखान्यातलं चार बोटांचं भूत. सत्य घटना!' सत्य घटना? मी असं कधी म्हटलं? भूत मी मनानं रचलं. चार बोटं तेवढी शेजारच्या रमेशभाऊंची घेतली; त्यांचं एक बोट लूममध्ये गेलं होतं. ते गेल्या वर्षी वारले.

संध्याकाळी त्यांच्या पत्नी, सुमनवहिनी, तेच मासिक घेऊन आल्या. वाटलं, आता भांडतील.

त्यांनी हळूच विचारलं, "भाऊ, ते तुम्हाला दिसले? मग मला का दिसत नाहीत?"

"वहिनी, ती नुसती गोष्ट आहे."

"असू द्या. गोष्टीत बोलतात ना? वाचून दाखवा."

पहिलं प्रकरण वाचलं. भूत अंधारात बिडी मागतं, तिथे मी लोकांना घाबरवायला निघालो होतो. वहिनी चक्क हसल्या. "अस्संच मागायचे!" म्हणाल्या. डोळे पुसून उठल्या. उद्या पुढचं ऐकायला येणार आहेत.

चार बोटं का लिहिली मी? पाच लिहिली असती तर? आता बदलू? की नको?

शेवटच्या प्रकरणात भगत त्या भुताला कायमचं घालवतो. ते वहिनींना कोणत्या तोंडानं वाचून दाखवू?