अक्कांचं रान आणि सरकतं बेट

१८ एप्रिल
उजनीचं पाणी उतरलं. भिगवणपुढं बेट उघडं पडलंय. मामंजींचं, म्हणजे तात्यांचं, सकाळपासून एकच: "बघ, धरणात गेल्यालं आपलं रान वर आलं!" सासूबाई, आमच्या अक्का, थंडीत गेल्या, तेव्हा सांगून गेल्या होत्या: राख त्याच रानात, वर झाड. राखेचं मडकं अजून लिंबाला टांगलेलं. तात्यांचा जीव त्यात अडकलाय.
पण पाणी उतरलं की आधी टेकड्या वर यायला हव्यात. नदीकाठचं सपाट रान कसं काय आलं बाई?

२० एप्रिल
अकरावीला बेटं शिकवली. मालदीव, मॉरिशस, लक्षद्वीपचा तळ... आपला काळा कातळ जमिनीच्या पोटातल्या ज्या लाव्ह्याच्या चुलीवर झाला, तिच्यावरचीच सगळी. चूल जागेवर, वरचा भूपट्टाचा तवा सरकत गेला. लक्षद्वीपवर नंतर पोवळं चढलं.
घरी तात्यांना सांगितलं. म्हणाले, "म्हंजी मालदीव आपल्या भावकीतलं? आन् लग्नाची पत्रिका कदी आली न्हाय ती!" अक्का गेल्यापासून पहिल्यांदा हसले.

रविवार
एकटीच होडीनं बेटावर गेले, खोरं घेऊन. ढोपरभर खणलं, गाळ. कंबरभर, गाळच. आमच्या रानाची काळी माती लागेना. आणि तळाशी काय, तर शाम्पूची पुडी! अगं बाई, हे बेट माझ्या लग्नापेक्षा तरुण.
होडीवाले दत्तूभाऊ म्हणाले, "मॅडम, गेल्या साली ही काठी मी बेटावर रोवल्याली." काठी आता पाण्यात, नदी येते त्या वरच्या अंगाला. म्हणजे बेट तिकडून झिजतंय, खालच्या अंगाला भर पडतीय. सरकतंय! इतकी हरखले, की तात्यांना हे सांगायचं आहे तेच विसरले.
दत्तूभाऊ म्हणे, गावातली अजून तीन घरं याच बेटाला आपलं रान म्हणतात. झालं!

सोमवार
जुना गावनकाशा मोबाइलवरच्याशी ताडून पाहिला. आमचं रान बेटाच्या खालच्या अंगाला. पाण्यात. कसं सांगू...

३० एप्रिल
सांगून टाकलं. तात्या भडकले. "तू पुस्तकातलं सांगती. मी नांगारलंय ते रान!" पुडी हातात दिली. उलटसुलट करून पाहिली.
मग, "ही माती कुठली मग?"
वरची, दौंडकडची, नदीनं आणलेली, म्हटलं.
"म्हंजी हिच्या म्हायेरची." अक्का दौंडकडच्याच. जरा बरं वाटलं असावं. लगेच मान हलवली. "न्हाय. ती माज्या रानात म्हनली हुती."
जेवले नाहीत. माझाच राग आला मला.

४ मे
चहाला स्वतःहून आले. "सूनबाई, ते बेट असंच खाली सरकत ऱ्हायलं, तर आपल्या रानावर यील का गं?"
येईलही. पूर, गाळ, धरणाचं पाणी, सगळं जुळलं तर. पण किती वर्षं लागतील, नाही सांगता यायचं. खोटं कशाला बोलू? तात्या ऐंशीच्या पुढं.
"मग थांबू की," म्हणाले.
मडक्याची दोरी विरलीय. नवी आणायला बाजारात गेलेत. जाड बघून आणा म्हटलं.